भाकिताचं चित्र आणि दोन आगी

मागं दौंडला व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, की भविष्य सांगणारं आणि पुढं हरवलेलं असं एखादं चित्र खरोखर आहे का, की ते कादंबऱ्यांतच असतं? आज शिरूरला त्याचं उत्तर देऊ. चित्र आहे, अजिंठ्याला आहे. मात्र ‘हरवलं’ या शब्दापाशी जरा थांबावं लागेल.

अजिंठ्यात भाकितं दोन ठिकाणी रंगवलेली आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. दुसऱ्या लेण्यात मायादेवीचं स्वप्न आहे आणि त्याचा अर्थ सांगणारे ब्राह्मण आहेत. परंपरेनं दिलेला अर्थ असा: मुलगा घरात राहिला तर चक्रवर्ती होईल, घर सोडलं तर बुद्ध. म्हणजे जर-तरचं भाकीत. सोळाव्या लेण्यात असित ऋषींनी बाळ सिद्धार्थाला हातांत घेतलं आहे. अश्वघोषाच्या बुद्धचरितात हे असित जर-तर म्हणतच नाहीत. हा बुद्ध होणार, एवढंच. आणि त्यांना रडू येतं, कारण तो दिवस पाहायला आपण नसू हे त्यांना कळलेलं आहे.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमचं लक्ष इथंच अडकतं. जर-तरच्या भाकितात माणसाला काही करायला जागा उरते. असितांच्या भाकितात कोणालाच नाही, सांगणाऱ्यालासुद्धा नाही. गंमत म्हणजे अश्वघोषाचा शुद्धोदन हे ऐकूनही मुलाला महालात गुंतवून ठेवायला बघतोच. बाप तो बाप!

सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं, इसवी सनाच्या पाचव्या शतकात. बुद्धाला तोवर नऊशे-हजार वर्षं होऊन गेलेली. चित्रातल्या माणसांचं जे भविष्य, ती रंगवणाऱ्यासाठी जुनी कथा होती. असित एकटेच रडताहेत, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला पुढचं सगळं ठाऊक आहे.

आता हरवण्याकडे येऊ. तुमच्या शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची पलटण कोरेगावकडे निघाली. पुढच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण गेला आणि दख्खनमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांचा वावर वाढला. मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला म्हणून वाघूर नदीच्या दरीत गेला, तिथं त्याला लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव-तारीख कोरून ठेवली. आपण आज किल्ल्यांवर हेच करणाऱ्यांना शिव्या देतो.

पुढं रॉबर्ट गिल आला. १८४० च्या दशकात कंपनीनं त्याला नकला करायला नेमलं. तो जवळपास वीस वर्षं हे काम करत राहिला. त्याची मोठी तैलचित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि त्यातली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुन्हा नकला, पुन्हा लंडन. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग, आणि शंभराहून जास्त नकला गेल्या.

कोणी म्हणेल, नक्कल जळली तर काय बिघडलं, मूळ भिंत आहे ना? बिघडलं. कारण भिंत तशीच राहिली नाही. ओल, वटवाघळं, गिलाव्याचे सुटणारे पोपडे. शिवाय चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर वॉर्निश चढवलं गेलं, १९२० च्या सुमारास निजामानं आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला, आणि हे सगळं कालांतरानं पिवळं-काळं पडलं. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण गिलनं भिंतीवर जे पाहिलं त्यातलं बरंच पुढं गळून गेलं, आणि त्याची साक्ष देणारा कागद-कॅनव्हासही राहिला नाही. आमच्या मते खरं नुकसान हे आहे: एकच चित्र दोनदा गेलं, एकदा इथं हळूहळू आणि एकदा तिथं एका रात्रीत.

वाचलेल्या नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६ चा. तुमच्यापैकी कोणी अजिंठ्याला जाणार असेल तर जाण्याआधी त्यातली चित्रं पाहून जावं, आणि सोळाव्या लेण्यात उजव्या भिंतीपाशी डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं. असित लगेच दिसत नाहीत.