नेमबाजीचे पिस्तूल : एका भेटीची पूर्वकथा

गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला आम्ही सारे जमलो असता एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला बाजूस घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांचे आजोबा पोटापाण्यासाठी साताऱ्याहून कलकत्त्यास आले. त्या हिशेबाने नानांची नात ही या शहरातील पाचवी पिढी. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तीन वर्षे नेमबाजीच्या क्लबात जाते, हवेच्या पिस्तुलावर तिचा हात चांगला बसला आहे, आणि आता तिला पंचवीस मीटरच्या स्पर्धेकडे वळावयाचे आहे. नाना म्हणाले, "येत्या वाढदिवसाला तिला पॉइंट टू-टूचे पिस्तूल द्यावे म्हणतो. आधी कळू द्यायचे नाही. तुम्ही सरकारी माणूस, तुम्हीच सांगा, कोणते घेऊ?"

मी नेमबाज नव्हे. आयुष्य कचेरीत कलमे व टिपणे वाचण्यात गेले, आणि जुन्या कलकत्त्याविषयी मिळेल ते वाचण्याचा नाद आहे, एवढेच. त्यामुळे नानांना तत्काळ उत्तर देता आले नाही. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या प्रश्नामागे या शहराचा दोन शतकांचा इतिहास उभा आहे आणि तो समजल्यावाचून उत्तर देणे योग्य नव्हे. तोच येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम वस्तूविषयी. काडतुसाच्या बुडाशी स्फोटक मसाला असतो व त्यावर आघात झाला की दारू पेटते, हे सर्वांस ठाऊक असते. हा मसाला बुडाच्या मध्यभागी न ठेवता कडेच्या पोकळ घडीत भरला, म्हणजे त्यास ‘रिमफायर’ काडतूस म्हणतात. फ्रान्समधील फ्लोबेर नामक कारागिराने १८४५ च्या सुमारास याचा आरंभ केला. त्याची इवलीशी काडतुसे घरातल्या दिवाणखान्यात नेम धरण्याची हौस भागविण्यासाठी होती. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी पॉइंट टू-टूचे काडतूस व त्याचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने ‘लाँग रायफल’ हे काडतूस सिद्ध केले. आज जगभर स्पर्धेत वापरतात ते हेच. त्याची किंमत कमी, धक्का सौम्य, आवाज बेताचा. हजारो वेळा चाप ओढून सराव करावयाचा तर याहून सोयीचे काडतूस नाही. मात्र ते सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. त्याची गोळी मैलभर जाऊ शकते व माणसाचा प्राणही घेऊ शकते.

आता या शहराकडे वळू. १८०१ मध्ये कंपनी सरकारने काशीपूर येथे तोफगाड्यांचा कारखाना स्थापिला. १८ मार्च १८०२ रोजी तेथे उत्पादन सुरू झाले आणि देशातील आयुध निर्माण्या हा दिवस आपला वर्धापनदिन मानतात. लंडनच्या सुप्रसिद्ध मॅन्टन घराण्याची शाखा १८२५ च्या सुमारास कलकत्त्यात निघाली. पाठोपाठ बंगाली व्यापारीही या धंद्यात उतरले. जोडासाँकोच्या दाँ घराण्यास आजही लोक ‘बंदूकवाला बाडी’ म्हणून ओळखतात, आणि त्यांच्या दुर्गापूजेत संधिपूजेच्या मुहूर्तावर छोटी तोफ डागण्याची प्रथा आहे. साहेबांच्या शिकारीसाठी, जमीनदारांच्या हौसेसाठी आणि राजेरजवाड्यांना नजराणा म्हणून देण्यासाठी या पेढ्यांतून नक्षीदार बंदुका व पिस्तुले जात. शस्त्र ही मानाची भेट होती. देणारा आणि घेणारा दोघेही मातब्बर असत.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्रांचा कायदा झाला. त्या दिवसापासून हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांस मात्र सूट होती. महात्मा गांधींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही आपल्या आत्मकथेत संपूर्ण राष्ट्रास नि:शस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली आहे. शस्त्र हवे असो वा नसो, ते बाळगण्यास आपण नालायक आहोत असे परक्याने ठरवावे, हा अपमान फार खोल गेला.

त्याची प्रतिक्रिया महाराष्ट्रात आणि बंगालमध्ये जवळजवळ एकाच वेळी उमटली. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हस्ते वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून पाठविली. त्यांपैकीच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पाच वर्षांनी कलकत्त्यात याहून मोठी घटना घडली. २६ ऑगस्ट १९१४ रोजी व्हॅन्सिटार्ट रो येथील रॉडा कंपनीचा माल जकातघरातून सोडविण्यास कंपनीचाच नोकर श्रीशचंद्र मित्र गेला. एकूण २०२ पेट्या सोडविल्या गेल्या. त्यांपैकी १९२ गुदामात पोहोचल्या. उरलेल्या दहा पेट्यांची बैलगाडी हरिदास दत्त नावाच्या तरुणाने गाडीवानाच्या वेशात भर दुपारी मलंगा लेनच्या दिशेने हाकून नेली. तीत पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. रौलट समितीच्या अहवालानुसार त्यांतील ४४ पिस्तुले नऊ क्रांतिकारक गटांत लगोलग वाटली गेली, आणि पुढील काळात ५४ प्रकरणांत त्यांचा उपयोग झाला. सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरनजीक बाघा जतीन व त्यांचे चार सहकारी पोलिसांशी लढले, तेही माउझर पिस्तुलांनिशीच. हिंद सिनेमाच्या परिसरातून आपण कितीदा तरी जातो. पुढल्या खेपेस तेथील स्मारकापुढे क्षणभर थांबावे.

ही माउझर पिस्तुले रिमफायरही नव्हती आणि नेमबाजीच्या खेळासाठीही नव्हती. मग त्यांची कथा येथे कशाला? तर पिस्तूल म्हणताच आपल्या मनात जे चित्र उभे राहते, ते एक तर साहेबाच्या कमरेचे, नाही तर क्रांतिकारकाच्या पंच्यात लपविलेले असते. पिस्तूल ही एखाद्या विद्यार्थिनीच्या दप्तराइतकी साधी, शिस्तीची वस्तू असू शकते, हे आपल्या समाजास फार उशिरा सुचले. आणि ते सुचविणारा पुरुष एक मराठी माणूस होता, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते.

तो पुरुष म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा, वकिली व सार्वजनिक कार्य अहमदाबादेत. म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच घरापासून दूर रुजलेले मराठी कुटुंब. दादासाहेब गांधीजींचे अनुयायी आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. अशा गृहस्थाने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन करण्यात पुढाकार घ्यावा व तिचे पहिले अध्यक्ष व्हावे, हे वरवर पाहता विसंगत वाटते. मला ते तसे वाटत नाही. ज्या कायद्याने राष्ट्रास नि:शस्त्र केले त्याचे उत्तर घरोघर बंदुका वाटून देता येत नाही. स्वतंत्र देशाच्या नागरिकाने शस्त्र उघडपणे, नियमाने आणि संयमाने हाताळण्यास शिकणे, हेच त्याचे खरे उत्तर होय. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या पात्रतेसाठी होणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेस आजही दादासाहेबांचेच नाव आहे.

या बीजाचे फळ प्रथम बंगालच्या वाट्यास आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी व सौरेन चौधरी हे बंगाली नेमबाज भारतातर्फे उतरले. सोमा दत्त १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला गेल्या. २०१२ मध्ये लंडन येथे जयदीप कर्माकार यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले व ते चौथे आले. महाराष्ट्राचा उत्कर्ष मागाहून झाला, पण दणक्यात झाला. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यदसह पंचवीस मीटर पिस्तुलाच्या जोडीचे सुवर्ण मिळविले. २०१३ मध्ये चांगवन येथे ती विश्वचषकात सुवर्णपदक मिळविणारी पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज ठरली. मध्यंतरी कोपराच्या दुखापतीने तिला मागे खेचले. तरीही २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांग येथे, समसमान गुणांनंतरच्या जादा फेऱ्यांत, तिने सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. आणि २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. त्याची रायफल आणि राहीचे पिस्तूल, दोहोंतही काडतूस तेच, पॉइंट टू-टू रिमफायर.

आता नानांच्या प्रश्नाकडे येतो. कोणते पिस्तूल घ्यावे? जाणकार नेमबाजांशी बोलल्यावर मला समजले ते असे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचे वजन १,४०० ग्रॅमहून अधिक नसावे, नळी १५३ मिलिमीटरहून लांब नसावी, आणि चाप ओढण्यास निदान १,००० ग्रॅमचा जोर लागावा. जर्मनीचे वाल्थर, इटलीचे पार्दिनी, स्वित्झर्लंडचे मोरिनी ही सारी नावे या नियमांत बसतात. त्यांच्यात चांगले-वाईट ठरते ते हातावरून. लाकडी मूठ तळव्यात जिथल्या तिथे बसली पाहिजे. ती डावखुऱ्यासाठी निराळी, लहान पंजासाठी निराळी. पूर्वीच्या सोव्हिएत संघात मार्गोलिन नावाचे एक अभियंता होते. तरुणपणी दृष्टी गमावल्यावर त्यांनी मेण व माती हातांनी चाचपून जे पिस्तूल घडविले, ते पुढे कित्येक वर्षे जगभरच्या नेमबाजांनी वापरले. डोळ्यांनी पसंत करण्याची ही वस्तू नव्हेच. शिवाय एकेका पिस्तुलास एकेका जातीचे काडतूस मानवते, आणि काडतुसाविना नुसता चाप ओढला तर टोचा नळीच्या कडेवर आपटून इजा होण्याचा संभव असतो. म्हणून कोरड्या सरावाची सोय त्यात आहे की नाही तेही पाहावे लागते. हे सर्व ज्याच्या हातात पिस्तूल राहणार त्यानेच, प्रशिक्षकासमक्ष, पारखून घ्यावयाचे असते.

आणि कायदा? आज लागू असलेला शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला व पुढे १९८३ आणि २०१९ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. गोऱ्या-काळ्याचा भेद त्यात नाही. पण परवाना व्यक्तीस मिळतो, कुटुंबास नव्हे. आजोबांनी विकत घेऊन नातीच्या हाती ठेवावे, अशी सोय नाही. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस शस्त्र बाळगण्याची सर्वसाधारण मनाई आहे. प्रशिक्षण व क्रीडेसाठी तीत विहित अटींवर सवलत मिळते. परवानाधारकाने आपले पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकास द्यावयाचे तरी अगोदर जिल्हा दंडाधिकारी अथवा पोलीस ठाण्यास लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावे लागते. परदेशी पिस्तुलाची आयात १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकास बंद आहे. ती सवलत ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजांसाठी आहे, आणि तो दर्जा गुणपत्रिकेवर मिळवावा लागतो.

हे सारे मी नानांच्या घरी जाऊन सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिला न सांगता काहीच करता येणार नाही."

"नाही," मी म्हटले. "आणि ते बरेच आहे, नाना. पूर्वी हा नजराणा देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरे. आता घेणाऱ्याची पात्रता लागते."

आत नातीचा अभ्यास चालला होता. नानांनी तिला हाक मारली व सारे सांगून टाकले. मुलगी हसली. म्हणाली, "आजोबा, क्लबाचे पिस्तूल आहे की सरावाला. सर म्हणतात, अजून वर्षभर त्यावरच हात बसू दे." वाढदिवसाला नानांनी तिच्या काडतुसांचा व प्रवासाचा वर्षाचा खर्च उचलला आणि सोबत एक जाड बांधणीची वही दिली. नेमबाज आपल्या प्रत्येक सरावाची नोंद ठेवतात, ती त्यात व्हावयाची आहे. परवान्याच्या अर्जाची तयारी आजोबा व नात मिळून करीत आहेत.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत गाणे, नाटक, गणेशोत्सव यांनी मुलांस मराठीशी बांधून ठेवले, हे थोर कार्य खरेच. त्यात दादासाहेब मावळंकरांच्या या वारशाचीही भर पडावी असे मला वाटते. वाढदिवस होऊन गेल्यावर एका रविवारी नाना मला क्लबात घेऊन गेले होते. नात फळीसमोर उभी राहिली, तिने एक हात खिशात घातला, दुसरा सावकाश वर उचलला, आणि मग काही न करता पुन्हा खाली आणला. नेम मनासारखा लागला नव्हता, म्हणून तिने गोळी झाडली नाही. नाना माझ्याकडे पाहून समाधानाने हसले.