मूठ, पसा आणि सुटा पैसा

मालवण किनाऱ्यावरील घर रस्त्याला लागून क्वचितच असतें. देशावरच्या गांवांत भिंतीला भिंत भिडलेली असते आणि आळींतून जाणाऱ्या याचकाची हांक एकदम पांच-दहा घरांत ऐकूं जाते. कोंकणांत तसें नाहीं. चिऱ्याच्या गडग्यानें वेढलेलें आवार, माडा-पोफळींची राई, शेणानें सारवलेलें खळें, मध्यें तुळशीवृंदावन आणि त्यामागें पडवी व ओटी अशी येथली रचना; एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत पोहोंचावयाचें तर मध्यें एखादा व्हाळ किंवा चढणीची पाणंद असावयाचीच. ज्याला कांहीं मागावयाचें असेल त्याला गडगा ओलांडून थेट खळ्यांत यावें लागतें. तो तेथें येऊन उभा राहिला म्हणजे घरच्या माणसाला, दिसलेंच नाहीं असें दाखवून पुढें चालूं लागण्याची सोय उरत नाहीं. होय किंवा नाहीं, उत्तर द्यावेंच लागतें.

शहरांतील कुटुंबाला हा प्रश्न निराळ्या रूपानें भेटतो. पदपथावर, देवळाच्या पायरीशीं, गाडीच्या डब्यांत एखादा अनोळखी हात पुढें येतो. दिलें तर आळसाला उत्तेजन दिल्यासारखें वाटतें, न दिलें तर घरीं पोहोंचेपर्यंत मनाला टोंचणी लागते. ही अडचण माणसाच्या स्वभावांतच आहे आणि ती सर्व काळीं सारखीच असली पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. तिलाही इतिहास आहे, आणि आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुलखांत तो इतर ठिकाणांपेक्षां अधिक स्पष्ट दिसतो.

जुन्या वहिवाटींत खळ्यांत येणारा याचक बहुधा अगदींच अनोळखी नसे. त्याचें नांव ठाऊक नसलें तरी त्याचा वेष, त्याची जात, त्याच्या येण्याचा महिना आणि दिवसाचा प्रहर हीं घराला ठाऊक असत. भिक्षा धान्याची असे. तिचें माप हाताचें: मूठ, पसा, फार झालें तर ओंजळ. कुडव आणि पायली हीं मापें खंडाचीं व व्यवहाराचीं. दानाला तीं लावीत नसत. हें हाताचें माप वरवर ढोबळ दिसतें, पण त्यांत एक सोय होती. ज्याच्या घरीं धान्य भरपूर त्याचा पसा भरलेला निघे आणि आषाढ-श्रावणांत, जुनें संपत आलेलें व नवें अद्याप शेतांत उभें अशा दिवसांत, तोच पसा आपोआप उथळ होई. कोणाला कांहीं बोलून दाखवावें लागत नसे. हात आखडता असलेल्या घरीं भिक्षा घालावयास लहान मुलाला पुढें करीत. दान घडे, मुलाला वळण लागे आणि मूठही लहान पडे!

मागणाराच्या बाजूनेंही माप होतें. दासबोधाच्या चौदाव्या दशकांत समर्थ रामदासांनीं भिक्षेचें निरूपण केलें आहे. पुढें पुष्कळ अन्न आलें तरी घ्यावयाचें तें मुठीपुरतेंच, असा तेथें दंडक आहे. आणि भिक्षेच्या निमित्तानें हिंडून लहानथोर माणसें पारखावीं असाही उपदेश आहे. म्हणजे दारांत पारख व्हावयाची ती मागणाराची नव्हे, देणाराची. आजचा गृहस्थ समोरच्या हाताकडे पाहून हा खरोखर गरजू कीं लबाड याचा निवाडा करीत बसतो. समर्थांच्या शिष्याच्या दृष्टीनें तो गृहस्थ स्वतःच परीक्षेला बसलेला होता.

या व्यवस्थेचें सर्वांत सुंदर रूप कुडाळजवळच्या पिंगुळी गांवांत सांपडतें. तेथील ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ, गोंधळ अशा कलांवर जगत आला. चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवर रंगविलेलीं रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें. एका आख्यानाच्या अशा चित्रांच्या समूहाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढें धरितो आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर तो प्रसंग गाऊन सांगतो. सावंतवाडीच्या सावंत-भोसले संस्थानिकांचा या कलांना आश्रय होता. कोणत्या घराण्यानें कोणत्या गांवच्या देवळांत कथा लावावयाची हें वांटून दिलेलें होतें. त्यामुळें पावसाळा सरल्यावर पाठीवर पोथी घेऊन गांवांत शिरणारा ठाकर कोणाच्या दयेवर आलेला नसे. तो आपल्या गांवीं आलेला असे. गांवानें कथा ऐकावयाची, देवळांत त्याची सोय करावयाची आणि घरोघर धान्य घालावयाचें. पांगुळ पहांटे येऊन देवाच्या नांवानें दान मागे. त्यालाही, तूं कोण, असें कोणी विचारीत नसे.

ही कला होती कीं भीक? पिंगुळीच्या जुन्या ठाकराला हा प्रश्न कळलाच नसता. दोहोंना वेगळें करणारी रेघ त्या काळीं ओढलेलीच नव्हती.

या व्यवस्थेला पहिला धक्का कायद्यानें दिला नाहीं, पैशानें दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढल्या आणि किनाऱ्यावरच्या घराघरांतून एखादा तरी माणूस बोटीनें मुंबईस गेला. १८८० सालीं टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली. त्यानंतर शेताच्या धान्याबरोबर गिरणीचा रुपयाही पडवींत येऊं लागला. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशें ब्याण्णव पै. धान्य मुठीनें देतां येत होतें; पैसा मोजूनच द्यावा लागे. शिवाय धान्याला एक गुण होता तो पैशाला नाहीं. धान्य नेहमींच सुटें असतें. ‘सुटे नाहींत’ हें आज शहरांत सर्रास ऐकूं येणारें उत्तर धान्याच्या काळांत उच्चारतांच आलें नसतें. दुसऱ्या महायुद्धांत किरकोळ नाण्यांची इतकी टंचाई झाली कीं १९४३ पासून सरकारला मध्यें भोंक असलेला हलका पैसा पाडावा लागला. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, आणि २०११ च्या जून अखेर पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं चलनांतून काढून घेण्यांत आलीं. मुठीची जागा ज्या नाण्यानें घेतली होती तें नाणेंही असें हळूहळू नाहींसें झालें.

तथापि जुन्या व्यवस्थेचें कौतुक करितांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें अन्यायाचें होईल. मागण्याचा हक्क जातीनें ठरत असे. मागण्याची जागाही जातीनेंच ठरे. कोणी ओटीपर्यंत येई, कोणी खळ्यांत थांबे आणि कोणाला गडग्याबाहेर उभें राहून वरून टाकलेलें शिळेंपाकें पदरांत घ्यावें लागे. त्या शेवटच्या माणसानें केलेल्या कामाचा मोबदला त्याला भीक म्हणून मिळे, ही या व्यवस्थेची खरी कीड. १९२७ च्या मार्चमध्यें कोंकणांतच, महाड येथें भरलेल्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या बांधवांस मृत जनावरांचें मांस व उष्टें-शिळें अन्न सोडण्यास सांगितलें. पुढच्याच वर्षीं महार वतनासंबंधीं विधेयक त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. दान द्यावें कीं न द्यावें याची चर्चा तोंवर देणारे करीत आले होते. घ्यावयाचें कीं नाहीं, हें येथें घेणारानें ठरविलें. दानाच्या इतिहासांत याहून मोठी घटना या प्रांतांत घडलेली नाहीं.

कुणब्याची तक्रार आणखी वेगळी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत गांवावर येऊन पडणाऱ्या फिरस्त्यांवर कडक कोरडे ओढले आहेत. आत्र्यांचें निरीक्षण देशावरचें आहे; पण शेतकऱ्याच्या राशींतून शेवटीं त्याच्याकडे काय उरतें हा त्यांचा प्रश्न कोंकणालाही लागू होता. गांधीजींनीं १९२५ सालीं याच्याही पुढें जाऊन, धडधाकट माणसाला कामावांचून फुकट जेवूं घालणें हें आपल्या अहिंसेंत बसत नाहीं, असें लिहिलें. या विचाराची कोंकणांतील कृति म्हणजे १९४८ सालीं कणकवलीजवळ आप्पासाहेब पटवर्धनांनीं उभी केलेली गोपुरी. भिकेला पर्याय म्हणून त्यांनीं उपदेश दिला नाहीं, काम दिलें. आणि तेंही चामडें व सोनखत यांचें, म्हणजे उच्चवर्णीय हात ज्यापासून दूर राहत तेंच.

सरकारची वाट निराळी होती. इंग्लंडांत नेपोलियनच्या लढाया संपल्यानंतर बेकार सैनिक आणि निराश्रित लोक रस्त्यावर आले. १८२४ च्या कायद्यानें त्यांचें भटकणें व मागणें हा गुन्हा ठरला. तोच विचार येथें आला. मौज अशी कीं हिंदुस्थानांतील १८७४ चा भटक्यांसंबंधींचा कायदा युरोपियनांपुरताच होता. गोऱ्या माणसानें काळ्या माणसापुढें हात पसरणें राज्यकर्त्यांना पाहवलें नाहीं. १९४५ सालीं मुंबई इलाख्यांत भिकाऱ्यांसंबंधीं स्वतंत्र कायदा झाला आणि १९५९ सालीं त्याहून व्यापक कायदा आला. त्यानें पोलिसाला वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार दिला. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षें आणि पुन्हां पुन्हां सांपडल्यास दहा वर्षेंपर्यंत कोंडून ठेवण्याची तरतूद त्यांत होती.

या कायद्यांतील भिकेची व्याख्या पाहण्यासारखी आहे. सार्वजनिक जागीं भिक्षा मागणें किंवा स्वीकारणें ही भीक. मग ती गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करून दाखविण्याच्या अथवा वस्तु विकण्याच्या मिषानें कां असेना. आणि भिक्षेसाठीं खासगी आवारांत शिरणें हीही भीक. हे शब्द मुंबईच्या रस्त्यांकडे पाहून लिहिलेले होते, पिंगुळीकडे पाहून नव्हेत, हें खरें. अधिकाऱ्यानें परवानगी दिल्यास सूटही होती. पण शब्दांचा अर्थ घेतला तर वीणेवर रामकथा गाणारा, पहांटे देवाच्या नांवानें हांक मारणारा, बैल सजवून घरोघर फिरणारा आणि गडगा ओलांडून खळ्यांत पाऊल टाकणारा प्रत्येकजण या व्याख्येंत बसतो. ज्याला गांवानें वांटा लावून दिला होता त्याच्या कलेला कायद्यानें ‘मिष’ म्हटलें. पुढें २०२१ सालीं पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना याच कलांच्या जतनासाठीं पद्मश्री जाहीर झाली. आपल्या गोठ्याचें त्यांनीं कलांगण करून तेथें जुन्या पोथ्या व बाहुल्या मांडल्या आहेत.

दिल्लीपुरता हा कायदा तेथील उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१८ मध्यें बव्हंशीं रद्द केला. जगण्याचें साधन नसलेल्या माणसाला, तूं मागूं नकोस, असें सांगून तुरुंगांत घालणें घटनेशीं विसंगत आहे, असें त्या न्यायालयास वाटलें. रस्त्यांवरील भीक बंद करावी अशी मागणी २०२१ च्या जुलैमध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आली तेव्हां, निवड असती तर कोणीही भीक मागितली नसती, अशा आशयाचें उत्तर न्यायमूर्तींनीं दिलें आणि बंदीचा आदेश देण्याचें नाकारलें.

मात्र न्यायालयाचा निर्णय रस्त्यापुरता. खळ्यांतील किंवा दारांतील उत्तर गृहस्थालाच द्यावयाचें आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर त्याचा एक नमुना अजूनही पाहावयास मिळतो. तो देवळांत नाहीं, वाळूंत आहे. रापण ओढण्याची पद्धत अशी: होडींतून लांबच लांब जाळें समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडावयाचें आणि त्याचीं दोन्हीं टोंकें किनाऱ्यावरून दोन रांगांनीं ओढीत आणावयाचीं. चाळीस-पन्नास माणसें लागतात, कधीं त्याहून अधिक. मासळी आली म्हणजे तिचे ठरलेले वांटे पडतात. होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. परंतु वांटेकरी नसलेला, वाटेनें जाणारा कोणी येऊन दोरीला हात लावून गेला असेल तर त्यालाही रिकाम्या हातानें पाठवीत नाहींत. तो कोठला, त्याला खरोखर गरज आहे काय, ही चौकशी होत नाहीं. दोरी किती वेळ धरली तेंही कोणी मोजीत नाहीं. म्हाताऱ्याचा हात, पोराचा हात, ज्याचा जोर जाळ्याला लागलाच नसेल असा हात, सगळे दोरीवरच धरले जातात.

यांत्रिक नौकांच्या मासेमारीपुढें रापणींची संख्या घटत गेली आहे. तरी तारकर्ली-देवबागच्या बाजूला सकाळच्या वेळीं एखादी रापण लागलेली दिसते. शहरांतून आलेले पाहुणे हौसेनें दोरीला लागतात, हाताला फोड येतांच सोडून देतात आणि वाळूवर उभे राहून पाहूं लागतात. जाळें कांठाला लागतें, बांगडा-तारली उन्हांत चमकूं लागते. एखादा गाबीत वांटे पडण्याची वाट न पाहतां खालीं वांकतो आणि ओंजळभर मासळी त्यांच्यापुढें धरितो. पाहुण्यांचा हात खिशाकडे जातो, तोंवर तो वळून पुन्हां जाळ्याकडे गेलेला असतो.