व्हेक्टर

लढाऊ विमानांविषयी वाचताना ‘थ्रस्ट व्हेक्टरिंग’ हा शब्द हमखास भेटतो. इंजिनाचा रेटा हव्या त्या दिशेला वळवणे, हा त्याचा अर्थ. ‘व्हेक्टर’ मूळचा लॅटिन. अर्थ ‘वाहून नेणारा’. त्याचे क्रियापद ‘वेहेरे’ आणि संस्कृत ‘वह्’ धातू एकाच कुळातले. म्हणजे आपले वाहन, प्रवाह, विवाह हे व्हेक्टरचे भाऊबंदच. १८४०च्या दशकात गणिती हॅमिल्टन यांनी हा शब्द दिशा असलेल्या राशीसाठी योजला. मराठीत ती ‘सदिश’ राशी.

ब्रिटिश हॅरियर विमानात हा अर्थ डोळ्यांना दिसतो. त्याच्या पेगॅसस इंजिनाला चार फिरती नॉझल असतात. पुढच्या दोहोंतून पंख्याची थंड हवा सुटते, मागच्या दोहोंतून तप्त वायू. नॉझल खाली वळवली की विमान सरळ वर उठते. मागे वळवली की पुढे झेपावते. आखूड धाव घेतली तर अधिक वजन पेलते, म्हणून ‘विराट’ या विमानवाहू जहाजावरून आपल्या नौदलाची सी हॅरियर धाव घेऊनच उडत. २०१६ साली गोव्यातील आयएनएस हंसा तळावर ती निवृत्त झाली.

‘सदिश रेटा’ हा नेमका शब्दप्रयोग मराठी विज्ञानलेखनात रुळायलाच हवा.