३६६७ : तीन गुणांची रेषा नसतानाचा विक्रम

३१ जानेवारी १९७० ची रात्र. तुम्ही अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज शहरात आहात. ज्या इमारतीत शिरताय तिथे एरवी गुरांची प्रदर्शनं भरतात. लोक तिला ‘काऊ पॅलेस’ म्हणतात. आज आत लाकडी कोर्ट मांडलंय. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, मिसिसिपी विद्यापीठाशी खेळणार आहे, पण सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा आहे : २९७३. कॉलेज बास्केटबॉलच्या अव्वल विभागात कारकिर्दीतले सर्वाधिक गुण, ऑस्कर रॉबर्टसनच्या नावावरचे. ते ओलांडायला पीट मॅराविचला आज ४० गुण हवेत. कुणाही खेळाडूला ४० गुणांची रात्र जन्मभर पुरली असती. याच्या सरासरीपेक्षा ते कमीच आहेत.

तो बघा, सडपातळ, केस उडणारे, राखाडी मोजे घोट्यावर घसरलेले. बाकावरचे प्रशिक्षक प्रेस मॅराविच हे त्याचे वडील. मुलानं मनसोक्त बास्केटवर नेम धरावा, हीच त्यांची व्यूहरचना.

आता कोर्टाकडे नीट पाहा. जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, ती रेषा कुठेच दिसत नाही. कॉलेजच्या खेळात ती सगळीकडे यायला १९८६ साल उजाडेल. पीट लांबून, भलत्याच कोनातून चेंडू जाळीत टाकतो, तुमच्या आजूबाजूचे लोक उठून ओरडतात, आणि फलकावर दोनच गुण चढतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नाही, म्हणून पीटच्या वाट्याला तीनच हंगाम आले आहेत.

आणखी एक उणीव शोधा. एलएसयूच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. कॉलिस टेंपल हा पहिला, तो १९७१ मध्ये येईल. आज ज्याचा विक्रम मोडला जाणार तो रॉबर्टसन स्वतः कृष्णवर्णीय आहे. हे विसरून टाळ्या वाजवू नका.

दुसऱ्या सत्रात चाळिसावा गुण जवळ येतो तसा पीटचा नेम चुकू लागतो. मग शेवटच्या काही मिनिटांत एक जंप शॉट जाळीत उतरतो आणि खेळ थांबतो. साथीदार त्याला खांद्यावर घेतात. सामना संपतो तेव्हा त्याचे ५३ गुण झालेले असतात आणि एलएसयू १०९–८६ असा जिंकलेला असतो.

आता मार्चपर्यंत पुढे या. हंगाम संपलाय. ८३ सामन्यांत ३६६७ गुण, सरासरी ४४.२. त्यात १३८७ बास्केट, तेही ३१६६ प्रयत्नांतून, आणि ८९३ फ्री थ्रो. सामन्यामागे अडतीस वेळा नेम धरण्याची मुभा फार थोड्यांना मिळते. आणि एवढं करूनही राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या एनसीएए स्पर्धेत त्याचा संघ एकदाही पोहोचला नाही.

आणखी पुढे, २०२३ मध्ये. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटवान डेव्हिस पाच हंगाम आणि १४४ सामने खेळून ३६६४ वर थांबतो. तीनच गुण कमी. ३ मार्च २०२४ ला आयोवा सिटीत आयोवा विद्यापीठाच्या महिला संघातली केटलिन क्लार्क फ्री थ्रो मारून ३६६७ चा आकडा ओलांडते आणि पुढे १३९ सामन्यांत ३९५१ पर्यंत जाते. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळण्याच्या काळात वाढलेली ही मुलगी त्याच अंतरावरून आपलं साम्राज्य उभं करते, आणि ते पूर्णपणे तिच्या हक्काचं आहे. अव्वल विभागातल्या पुरुषांच्या यादीत मॅराविच अजूनही पहिला आहे.

कोण मोठं हे गुणांच्या रकान्यावरून ठरवू नका. शेजारी सामन्यांची संख्या लिहा, त्या काळचे नियम लिहा, कुणाला कोर्टावर येऊ दिलं नव्हतं तेही लिहा. मग ३६६७ ची भव्यता आणि मर्यादा, दोन्ही एकदमच दिसतील, आणि कौतुक खरं ठरेल.