डोंगरातली कोंबडी

कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका आणि माँटसेरात या बेटांवर ज्याला ‘माउंटन चिकन’ म्हणतात, तो बेडूक आहे. नाव पडले ते मांसाच्या चवीवरून. गोव्यात पावसाळी बेडकाचे ‘जंपिंग चिकन’ झाले, तेही याच न्यायाने. डॉमिनिकाच्या लोकबोलीत तो ‘क्रापो’. लेप्टोडॅक्टिलस फॅलॅक्स हे शास्त्रीय नाव त्याला १९२६ साली मिळाले. शिकाऱ्यांची ओळख त्याआधीची.

हा बेडूक ओळखायला अवघड नाही. लांबी २० सेंटिमीटरपर्यंत, वजन किलोच्या घरात. पाठ तांबूस तपकिरी, कुशी पिवळसर नारिंगी, मागच्या पायांवर गडद पट्टे आणि डोळ्यामागून कानाच्या पडद्यावरून जाणारी काळी रेघ. वावर जमिनीवर असल्याने बोटांमध्ये पडदे नाहीत. विणीच्या काळात मादीला घट्ट धरण्यासाठी नराच्या अंगठ्यावर काळा काटा असतो. अंडी तळ्यात नव्हे, तर जमिनीतल्या बिळात, फेसाच्या घरट्यात. पिल्लांना मादी स्वतःची अफलित अंडी खाऊ घालते. बेडकांत अशी माया विरळाच.

एकेकाळी हा बेडूक मार्टिनिक, सेंट किट्स अशा शेजारच्या बेटांवरही होता. उसातल्या उंदरांवर उपाय म्हणून मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात कॅरिबियन बेटांवर मुंगूस सोडले. त्यांचे मूळ कुळ भारतातले. १८७२ साली ते कलकत्त्याहून जमैकात नेले होते. मुंगूस न पोचलेल्या दोन बेटांवरच हा बेडूक टिकला. डॉमिनिकात तर तो राष्ट्रीय पक्वान्न ठरला आणि दरवर्षी हजारोंनी मारला जाऊ लागला.

घाव मात्र दुसरीकडून आला. बेडूक कातडीतून पाणी व क्षार घेतो. कायट्रिड बुरशी नेमकी तिथेच वाढते आणि अखेर हृदय बंद पडते. २००२ च्या अखेरीस ती डॉमिनिकात आढळली आणि दोन वर्षांच्या आत बहुतेक बेडूक मेले. माँटसेरातचा बराचसा अधिवास १९९५ पासून जागा झालेल्या ज्वालामुखीने आधीच गिळला होता. २००९ मध्ये बुरशी तिथेही पोचली. त्याच वर्षी काही निरोगी बेडूक विमानाने युरोपातील प्राणिसंग्रहालयांत हलवून त्यांची पैदास सुरू झाली.

डॉमिनिकाने शिकारीवर बंदी घातली. २०१३ मध्ये राष्ट्रीय पक्वान्नाचा मान ‘कॅलालू’ या पालेभाजीच्या पदार्थाकडे गेला. देशाच्या राजचिन्हावर क्रापो अजून आहे.