मुशी, तिचे तेल आणि तापता समुद्र

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या प्रदेशाच्या शासनालाही किनारा लाभला तो १९५६ साली, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर. तथापि अरबी समुद्रातील मुशीचा इतिहास येथील अभ्यासकाने परका मानावा, असे मात्र नाही.

या इतिहासाचे अर्वाचीन प्रकरण औषधापासून सुरू होते. १९४० साली नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला आणि कॉड माशाच्या तेलाची आयात खुंटली. मुशीच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व विपुल असते. तेव्हा मद्रास व मुंबई या प्रांतांच्या सरकारांनी ते तेल काढण्यास हात घातला. कोळ्यांच्या घरी कालवणात पडणारी मुशी अशा रीतीने सरकारी औषधाचा कच्चा माल बनली. पुढे १९४७ साली हे जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने सिद्ध करण्याची पद्धत स्वित्झर्लंडमध्ये निघाली व तेलाची मागणी हळूहळू ओसरली. मुशीला उसंत मिळाली ती रसायनशास्त्राच्या कृपेने! पण पूर्व आशियातील सुपासाठी परांचा व्यापार वाढत गेला आणि ती उसंतही सरली. उशिरा वयात येणाऱ्या आणि थोडीच पिले देणाऱ्या या वर्गातील बहुतेक जातींना अशी मागणी सोसत नाही.

कायदा फार मागाहून आला, आणि अडखळत आला. मे २००१ मध्ये देवमुशीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. जुलैत मुशी-पाकटांच्या सर्वच जातींवर बंदी आली; मच्छीमारांनी विरोध करताच डिसेंबरात ती मोजक्या जातींपुरती उरली. समुद्रातच पर कापून धड फेकून देण्यास २०१३ साली, तर परांच्या निर्यातीस २०१५ साली मनाई झाली. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडून देणाऱ्या मच्छीमारास भरपाई देण्याची महाराष्ट्राची २०१८ ची योजना मला या सर्वांहून अधिक व्यवहार्य वाटते. कारण जाळ्याची किंमत कोणीतरी चुकविलीच पाहिजे, हे तिने मान्य केले.

परंतु पाण्याच्या तापमानावर कोणती अधिसूचना चालणार? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले की, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. अशा पाण्यात मुशीचे काय होते, याचा एक पडताळा ऑस्ट्रेलियातील एका लहान जातीवरील २०२१ च्या प्रयोगात मिळतो. ३१ अंशांच्या पाण्यातील अंडी २७ अंशांतील अंड्यांच्या मानाने बरीच लवकर फुटली, आणि पिले आकाराने लहान व शिदोरी संपलेली अशी बाहेर पडली.

हाच तापलेला समुद्र मराठवाड्याच्या पावसाशी निगडित आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या आर्द्रतेच्या चढउतारांशी आहे, असे त्याच संशोधकांनी २०१७ साली मांडले. हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०११ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय प्रकल्पात कोरडवाहू शेती आणि सागरी मत्स्यव्यवसाय हे दोन्ही विषय एकत्र आहेत. त्याचा समन्वय होतो तो हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतून, म्हणजे बीडच्या जुन्या राजधानीतून.