भयज अतिसार : एक पाठविचार

वैद्यकाच्या जुन्या बाडांत माधवनिदानाची पोथी बहुधा सांपडतेच. तींत अतिसाराचे सहा प्रकार सुश्रुतानुसार दिले आहेत. त्यांत शोकज आहे, आमज आहे, भयज नाहीं. चरक (चिकित्सास्थान, अध्याय १९) व वाग्भट मात्र भय आणि शोक हीं दोन निराळीं कारणें मानतात. चरक या दोहोंस मानस म्हणतो, आणि वातहर उपचारांच्या जोडीला रोग्यास हर्षविणें व धीर देणें सांगतो. माधवनिदानांतच पुढें ग्रहणी येते : मल कधीं बद्ध, कधीं द्रव. आजचा 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' तो हाच, असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं, परंतु इ. स. २०१६ च्या रोम निकषांनीं त्यास आंतडें व मेंदू यांच्या परस्परसंबंधाच्या विकारांत घातलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

सोलापुरास शिक्षक असतां परीक्षेच्या सकाळीं पोट धरून बसणाऱ्या मुलांस मी ढोंगी ठरवीत असें. तोंवर माधवनिदान वाचलें होतें, चरक वाचला नव्हता.

संग्राहकांनीं आपापल्या प्रतींतील अतिसारनिदानाचा समास अवश्य पाहावा. एखाद्या वैद्यानें तेथें 'भयज' हा शब्द मागाहून लिहिला असल्यास पत्रांकासह त्याची नोंद व्हावी.